घाटे साहेबांचा विरघळणारा धागा

"पाह्य वं सुनंदा, पाह्य! असे क्रिस्टल त्या फॉरेनवाल्यांले तरी जमले असतीन का?"

घाटे साहेब खिडकीपाशी एक्स-रेची फिल्म उजेडात धरून उभे होते. फिल्म कोणा पेशंटची नव्हती, आमच्या धाग्याची होती. तिच्यावरच्या काळ्या कमानी अगदी ठळक, रेखीव उमटल्या होत्या. साहेबांचा चेहरा नातू झाल्यासारखा खुलला होता. पुढच्या गुरुवारी नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात साहेबांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, आणि त्यांचं पोट याच धाग्यानं शिवायचं ठरलं होतं.

मी फिल्म पाहिली आणि गप्प बसले. साहेबांना वाटलं, आनंदानं वाचा गेली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आमची कंपनी हिंगण्याच्या बाजूला होती. ऑपरेशनला लागणारा कॅटगट आम्ही बनवायचो. नावात कॅट असलं तरी मांजराचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो मेंढीच्या आतड्यापासून करतात. त्याचे टाके काढावे लागत नाहीत, शरीर ते हळूहळू पचवून टाकतं. पण प्रत्येक मेंढीचं आतडं सारखं नसतं, त्यामुळे कधी धागा लवकर सुटतो, कधी फार उशिरा. परदेशात तोवर रासायनिक विरघळणारा धागा निघाला होता. तोच आपण इथे करायचा, हा घाटे साहेबांचा ध्यास होता. रिसर्च सेक्शन म्हणजे साहेब, मी आणि धागा ओढायच्या मशीनवरचे शेंडे, एवढीच माणसं. मी पॉलिमरची केमिस्ट. माहेर शहरातल्या महाल भागातलं. साहेब हिंगणघाटकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. माझी मराठी ऐकून ते म्हणायचे, "तू बोलत नाही वं, छापील पुस्तक वाचून राह्यली."

आता थोडं धाग्याबद्दल. टेरिलीनचा शर्ट पॉलिएस्टरचा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या रेणूंच्या लांब साखळीत जागोजागी कडक कडी असते, म्हणून शर्ट वर्षानुवर्षं धुतला तरी टिकतो. आमचा धागाही पॉलिएस्टरच, पण त्याच्या साखळीत ती कडी नाही. अशा सरळ साखळीवाल्याला ॲलिफॅटिक म्हणतात. पाणी या साखळीचा तुकडा पाडू शकतं. शरीरात पाणी आहेच, म्हणून धागा आपोआप संपतो. मात्र जखम भरेपर्यंत त्यानं टिकायला हवं आणि मग जायला हवं.

किती टिकेल हे ठरतं आतल्या रचनेवर. धाग्यात काही ठिकाणी साखळ्या नीट शेजारी शेजारी, घडी घातल्यासारख्या बसलेल्या असतात. ते क्रिस्टल. मधल्या जागेत त्या नुसत्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. क्रिस्टलमध्ये पाण्याला सहजासहजी शिरकाव मिळत नाही, गुंत्यात मिळतो. पण गुंता म्हणजे वाईट भाग असं कोणी समजू नये. एका क्रिस्टलला दुसऱ्याशी बांधून ठेवतो तो हा गुंताच. एक्स-रेच्या फिल्मवर क्रिस्टलच्या रेखीव कमानी दिसतात आणि गुंत्याचं एक धुरकट करडं वलय दिसतं.

साहेबांना क्रिस्टलचं भारी वेड. तोच पदार्थ दोन काचांमध्ये वितळवून सावकाश थंड केला की मायक्रोस्कोपखाली गोल गोल फुलं उमलताना दिसतात, प्रत्येकाच्या मध्ये एक काळी फुली. साहेब ती फुलं येईल त्याला दाखवायचे. पोस्टमन, इन्कम टॅक्सचे वकील, टाकी साफ करायला आलेली माणसं, कोणीही सुटलं नाही. त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, ती इतक्यांदा पाहावी लागली होती की त्या डोळा न लावताच "छान आहेत" म्हणायच्या.

हिवाळ्यात केलेला धागा खरोखर उत्तम झाला होता. जनावरांच्या एका डॉक्टरांनी तो बकऱ्यांवर वापरला आणि सगळे टाके व्यवस्थित टिकले. पुढची पायरी माणसाची. मुंबईच्या मोठ्या साहेबांनी ट्रंककॉलवर स्पष्ट सांगितलं होतं, "पावसाळ्याच्या आत माणसावर एक केस यशस्वी करून दाखवा, नाहीतर सेक्शन बंद."

पहिला माणूस कोण? साहेबांचं उत्तर तयार होतं. त्यांच्या पित्ताशयात खडे होते. कळ आली की माणूस टेबलाची कड धरून घामानं भिजायचा. डॉक्टर मुळमुले त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, ते कधीचे मागे लागले होते की ऑपरेशन करून टाक. साहेबांनी ते धाग्यासाठी थांबवून ठेवलं होतं. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "लोकं मुहूर्तासाठी थांबतेत वं, हे धाग्यासाठी थांबून राह्यले. रात्री कळ आली का मले उठवत नाईत, पण मले समजते ना."

तर माणसासाठीचा धागा आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर ओढला. परदेशातून आणलेला कच्चा माल होता नव्हता तेवढा त्यात संपला. पाकिटाची ॲल्युमिनियमची फॉइल मात्र मुंबईहून येईना. फॉइल नाही म्हणून रिळं रॅकवर उघडीच राहिली, आणि बघता बघता मे महिना लागला. नागपूरचा मे काय असतो हे मी सांगायला नको. आमचा धागा साधारण पस्तीस-चाळीस डिग्रीला मऊ पडायला लागतो, आणि बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे. साहेबांनी स्वतःच्या घरचा कुलर उचलून आणला आणि रिळांच्या खोलीच्या खिडकीत बसवला. वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. खोली अशी थंडगार आणि सुगंधी झाली की ऑफिसची माणसं जेवणाचा डबा घेऊन तिकडेच जायची. आम्ही सगळ्यांनी साहेबांना दुवा दिला. घरी काकू नुसत्या पंख्याखाली बसल्या होत्या.

आता पुन्हा त्या फिल्मकडे येते. मी कपाटातून हिवाळ्याची फिल्म काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. नव्या फिल्मवर कमानी जास्त रेखीव होत्या, ते खरं. पण करडं वलय फिकं पडलं होतं.

"साहेब, क्रिस्टल वाढलेले नाहीत," मी म्हटलं. "गुंता कमी झालाय."

"एकच तं झालं ना ते."

"एकच नाही. भिंतीतला चुना वाहून गेला की विटाच विटा दिसतात. म्हणून भिंत मजबूत झाली असं नाही म्हणत आपण. याच्यात पाणी शिरलंय. मधल्या साखळ्या तुटल्यात."

साहेबांनी फिल्म खाली ठेवली. "पाणी? या मे महिन्यात? नागपुरात? माणसाच्या अंगातलं पाणी वाळून राह्यलं इथं, अन् तू म्हणते धाग्यात पाणी शिरलं?"

शेंड्यांनी लगेच मशीनवर कोरडा धागा ताणून पाहिला. ताकद थोडी कमी आली, पण पास होण्याइतकी होती. साहेबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"कोरडा पास होईल," मी म्हटलं. "पोटात गेल्यावर टिकणार नाही. साखळ्या आधीच अर्ध्या कापल्या गेल्या असतील तर उरलेल्या तुटायला किती वेळ लागणार?"

"तू मले भेव दाखवून राह्यली का?"

"नाही साहेब. भ्यायलेय मी."

ते खोलीतून निघून गेले. जाताना दोन्ही फिल्म घेऊन गेले.

दुपारी मी धंतोलीत डॉक्टर मुळमुल्यांकडे गेले. बाहेर वऱ्हाडातून आलेल्या माणसांची गर्दी, कोणी पेशंट, कोणी सोबतीला. डॉक्टरांनी उभ्या उभ्याच ऐकून घेतलं.

"समजा, आतल्या थराचे टाके लवकर सुटले, तर काय होईल?" मी विचारलं.

"खोकला आला तरी पोट उकलू शकतं. मग पुन्हा उघडा, पुन्हा शिवा. त्याच्या वयात पू झाला तर..." मग म्हणाले, "हे पाहा, मी त्याच्या हट्टापायी तयार झालो. तुम्ही नाही म्हणाल तर मी त्या धाग्याला हात लावणार नाही. पण त्याले तुम्ही सांगा. माह्यानं होणार नाही."

म्हणजे ते काम माझ्यावर आलं. रस्त्यानं येताना मी सारखी एकच प्रार्थना करत होते, की माझं चुकलेलं असू दे. इतक्या मनापासून नापास व्हावंसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. धागा चांगला निघाला तर साहेब मला जन्मभर चिडवतील, चिडवू देत. वाईट निघाला तर सेक्शन बंद. वापरला तर साहेबांचा जीव टांगणीला. यात मला काय हवं असायला हवं, हेही धड कळत नव्हतं.

खात्री करायचा मार्ग सोपा असतो. शरीराइतक्या उबदार, मिठाच्या पाण्यात धागा बुडवून ठेवायचा आणि रोज एक तुकडा काढून ताणायचा. चांगल्या धाग्याला पहिला आठवडाभर विशेष काही होत नाही. मी हिवाळ्याच्या धाग्याचे, जुन्या फॉइलमध्ये बंद राहिलेले, उरलेसुरले तुकडे एका बाटलीत टाकले, नव्याचे दुसऱ्या बाटलीत. साहेब त्या बाटल्यांकडे ढुंकूनही पाहणार नाही म्हणाले. पण रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून ते त्या टेबलावरून जायचे. कधी पेन विसरलेलं असायचं, कधी चष्मा.

पहिल्या दिवशी दोन्ही सारखे. साहेब शीळ घालत गेले. मग नवा धागा उतरायला लागला. हिवाळ्याचा जिथल्या तिथे, नवा रोज खाली. शेंडे आकडा सांगेनासे झाले, नुसता काटा दाखवायचे. मी एक तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला. धाग्यावर आडव्या भेगा पडल्या होत्या, बांगड्या चढवाव्यात तशा, एकीखाली एक. क्रिस्टलचे थर शाबूत होते, त्यांना बांधून ठेवणारं काही उरलं नव्हतं. मला रडू कोसळलं. शेंडे मशीन पुसत राहिले, मशीन पुसण्याची काही गरज नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साहेब आले ते थेट टेबलापाशी. म्हणाले, "मशीन नको. मले दे."

मी चिमट्यानं नव्या धाग्याचा तुकडा काढून दिला. साहेबांनी तो खिडकीच्या गजाभोवती घेतला आणि सर्जन मारतात तशी गाठ मारायला सुरुवात केली. ती गाठ ते मुळमुल्यांकडून शिकले होते आणि घरी पलंगाच्या पायावर तिचा सराव करायचे. पहिला वेढा बसला. दुसरा आवळला, आणि धागा तुटला. आवाजही झाला नाही. त्यांनी दुसरा तुकडा मागितला. तोही तुटला. तिसरा मी दिला नाही.

गजावर राहिलेला तुकडा त्यांनी नखानं सोडवून तळहातावर घेतला.

"काहून?" त्यांनी विचारलं. "काहून झालं असं? मशीन तेच, माल तोच, माणसं तेच. पाणी आलं कुठून?"

ते मलाही अजून सापडलं नव्हतं. आम्ही तिघं रिळांच्या खोलीत गेलो. थंड हवा अंगावर आली. रिळाचा पुठ्ठा मी हातात घेतला तर तो फुगून लिबलिबीत झाला होता. जेवायला येणाऱ्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर मिठाची पुडी ठेवली होती. शेंड्यांनी ती उघडली. मिठाला पाणी सुटलं होतं. ऐन मे महिन्यात, नागपुरात, मिठाला पाणी.

मग कोणी काही सांगायची गरज उरली नाही. कुलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी भरून. आपल्या अंगाला ते बरं वाटतं. आमची रिळं आठवडेच्या आठवडे त्या ओल्या हवेत उघडी बसून पाणी पीत होती. बाहेर लू वाहत होती, हाडं वाळवणारी कोरडी हवा. रिळं नुसती पत्र्याच्या शेडमध्ये टाकून दिली असती, तर थोडी मऊ पडली असती, वेडीवाकडी झाली असती, पण त्यांच्यात पाणी शिरलं नसतं. आम्ही धाग्याची काळजीच घेतली नसती तर तो वाचायचा संभव जास्त होता. इतकी वर्षं झाली, या वाक्याशी माझा अजून समझोता झालेला नाही.

साहेबांनी हात लांब करून कुलरचं बटण बंद केलं. पंखा थांबला, ताट्यांवरून पाण्याचे थेंब टपकत राहिले.

"वाळवून पाहू का?" त्यांनी विचारलं. "ओव्हनमध्ये?"

त्यांना उत्तर माहीत होतं. पॉलिमर मला त्यांनीच शिकवलं होतं. "तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत, साहेब," मी म्हटलं.

"होय ना," ते म्हणाले. "नाई जुळत."

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर मुंबईला ट्रंककॉल लावला. एरवी ते मोठ्या साहेबांशी इंग्रजीत बोलायचे. त्या दिवशी इंग्रजी सुचलं नाही. "साहेब, धागा चांगला आहे. ठेवण्यात चुकलं. थोडा माल मागवून द्या, पुन्हा करतो. हो. हो, मले समजते. पण हिवाळ्याचा पाहा ना तुम्ही. बकऱ्यांवरचा पाहा." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मोठे साहेब विचारत होते, जो धागा नागपुरात टिकत नाई तो विकाचा कुठं? आता याले मी काय सांगू?"

"फॉइलमध्ये टिकतो, हे सांगायचं," मी चिडून म्हटलं. "त्यांचीच फॉइल आली नाही."

"सांगतलं ना. ते म्हणाले, एक्स्क्यूज नको."

सेक्शन बंद झाला. मला कॅटगटच्या तपासणीवर टाकलं. दिवसभर आतड्यांचा वास, घरी गेल्यावर केसांनासुद्धा. शेंड्यांना पॅकिंगमध्ये बसवलं. धागा ओढायचं मशीन ताडपत्रीखाली गेलं आणि पुढे कोणी भंगारात दिलं ते मला नंतर कळलं. फुलं दाखवायचा मायक्रोस्कोप साहेबांनी स्वतःच पेटीत बंद करून कुलूप लावलं होतं.

ऑपरेशन ठरल्या दिवशीच झालं. काकूंनी ते पुढे ढकलू दिलं नाही. दोन दिवसांनी मी दवाखान्यात भेटायला गेले. काकू दारातच भेटल्या. म्हणाल्या, "बोलत नाईत वं कोणाशीच. तू तरी बोल बाई." साहेब भिंतीकडे तोंड करून पडले होते. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली. माझा आवाज ऐकून वळले.

"सुनंदा, मुळमुले सांगून नाई राह्यला. कोणता धागा लावला त्यानं मले?"

मला माहीत होतं. येताना डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्यांच्या भाच्यानं परदेशातून काही पाकिटं पाठवली होती, ती त्यांनी या केससाठी बाजूला काढून ठेवली होती. मी म्हटलं, "चांगला आहे, साहेब. काळजी करू नका."

"चांगला म्हणजे कोणता?"

"आपलाच पॉलिमर. बाहेरच्या कंपनीचा."

ते हसले. हसताना टाके दुखले, म्हणून त्यांनी पोटावर हात दाबून धरला.

"म्हणजे माहं खरं होतं," ते म्हणाले. "टिकते ना तो." मग त्यांचे डोळे भरून आले. काकू पुढे झाल्या तर त्यांनी हातानं थांबवलं. पुन्हा भिंतीकडे वळून ते रडत राहिले.

जखम सुरेख भरली. आतले टाके ठरल्या मुदतीत विरघळून गेले असणार, साहेबांची त्यांच्याबद्दल काही तक्रार आली नाही. ते कंपनीत परत आले ते राजीनामा द्यायलाच. नंतर सदरच्या बाजारात एकदा समोरासमोर आलो, तेव्हा त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, धाग्याचं नाव काढलं नाही.

यातून शिकायचं काय, असं कॉलेजच्या मुली मला व्याख्यानानंतर विचारतात. मी त्यांना औषधाच्या कुठल्याही पाकिटावर छापलेली ओळ वाचायला सांगते: थंड आणि कोरड्या जागी ठेवावे. त्या दोन वेगवेगळ्या अटी आहेत. आम्ही थंड जागी ठेवलं होतं.